ज्याची त्याची पाटी

गेल्या पावसाळ्यात सलग तीन बुधवारी आमच्या शेजारच्या मुलीच्या पोटात दुखले. पोट कुणाचेही दुखू शकते, त्यात नवल नाही. पण ते वार पाहून दुखावे हे आम्हांला थोडे चमत्कारिक वाटले. तिसऱ्या बुधवारी ती आईने पाठविले म्हणून ओवा मागायला आमच्याकडे आली, ओवा हातात घेतला, आणि परत जाण्याऐवजी आमच्या कपाटातला एक जुना दिवाळी अंक काढून झोपाळ्यावर वाचत बसली. आमच्याकडे त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून सेवउसळ आणलेली होती. पुढे केलेली बशी तिने पाहता पाहता रिकामी केली. बडोद्याची सेवउसळ पचविणारे पोट दुखरे असू शकत नाही, एवढे वैद्यक आम्हांलाही कळते.

"काय गं, बुधवारी शाळेत काय असतं?" आम्ही सहज विचारल्यासारखे विचारले.

ती बराच वेळ अंकातले चित्र पाहत राहिली. मग म्हणाली, "बुधवारी आपापला फोन न्यायचा असतो, आजोबा."

वाचकहो, यात आमच्या लेखी एवढे मोठे काही नव्हते. आमच्या काळी शाळेत आपापली पाटी न्यावी लागे, आता आपापला फोन न्यावा लागतो. काळाप्रमाणे दप्तर बदलले, असे म्हणून आम्ही पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले असते. पण मुलीने पुढे जे सांगितले ते ऐकून वर्तमानपत्र घडी करून ठेवावे लागले.

ती नववीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, चांगल्या नावाची. ते नाव येथे नको. विज्ञान आणि गणिताचे तास बुधवारी जोडून असतात, आणि त्या दिवशी प्रत्येकाने मोबाइल किंवा टॅब्लेट घेऊन यावे असे परिपत्रक शाळेने काढले. ही कल्पना मूळ कचेऱ्यांतली. नोकरांना यंत्रे पुरविण्याचा खर्च वाचतो आणि ज्याचा त्याला हात बसलेला असतो, म्हणून कंपन्यांनी ती उचलली. तिथून ती शाळांत आली. आता या मुलीच्या घरी फोन नाहीत असे मुळीच नाही. चांगले तीन आहेत. वडिलांचा फोन त्यांच्याबरोबर पहिल्या पाळीला मकरपुऱ्याच्या कारखान्यात जातो. थोरला भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला मागच्या दिवाळीत नवा फोन घेतला. उरला आईचा. तो इतका जुना की चार्जरला लावला असेपर्यंत चालतो, आणि काढला की अर्ध्या तासात मान टाकतो.

पहिल्या बुधवारी मुलगी आईचा फोन घेऊन गेली. वर्गात जे ॲप उतरवून घ्यायला सांगितले त्याला फोनमध्ये जागाच नव्हती. जागा करावी म्हणून तिने आईने जपून ठेवलेले काही फोटो पुसले (हे आईला अजून ठाऊक नाही), आणि ॲप निम्मे उतरले असताना फोन बंद पडला. बाईंनी शेजारणीबरोबर बघ म्हणून सांगितले.

"मग? तिने दाखवला नाही?"

"तिने नाही म्हटलं नाही, आजोबा. फक्त फोन जरा तिकडे वळवला."

पुढच्या बुधवारपासून पोटदुखी सुरू झाली.

दादाचा फोन एक दिवस का नेत नाहीस, असे आम्ही विचारणार होतो. विचारले नाही; उत्तर माहीत होते. तरी चार दिवसांनी जिन्यात तिच्या आईपाशी आम्ही विषय काढलाच. ती माउली अगदी निर्मळ मनाने म्हणाली, "काका, त्याचं इंजिनिअरिंग आहे ना हो!" दादाचे इंजिनिअरिंग आहे आणि हिची नुसती नववी आहे, हा हिशेब घरात कुणी मुद्दाम मांडलेला नाही. तो आपोआप मांडला जातो. आणि तो याच घरातला आहे असेही नाही. 'असर' या नावाने ग्रामीण भागातल्या शिक्षणाची जी पाहणी होते, तिच्या २०२३च्या अहवालात चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारले होते. घरात स्मार्टफोन आहे आणि तो वापरता येतो असे सुमारे ९० टक्क्यांनी सांगितले. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुले ४३.७ टक्के होती आणि मुली १९.८ टक्के. पाहणी खेड्यांतली आहे हे खरे. पण शहरातल्या आमच्या जिन्यात दुसरे काय ऐकू आले?

पाटीची उपमा आम्ही वर दिली, ती देताना बरी वाटली. विचार करू लागलो तेव्हा तिच्यातले व्यंग दिसू लागले. आपल्याकडे पंतोजीच्या शाळेत धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, चुकले की हात फिरवायचा. धुळाक्षरे हा शब्द त्यातूनच भाषेत राहिला. मलबारकडील मुले अशीच वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत. ते पाहून अँड्र्यू बेल नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने मद्रासच्या अनाथालयात तीच रीत सुरू केली. वाळू सर्वांना पुरते, आणि एकाला आले की तो दुसऱ्याला शिकवू शकतो, एवढ्या दोन गोष्टींवर त्याने आपली शाळा चालविली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. म्हणजे शाळेत साधन कसे वापरावे याचा एक धडा इंग्लंड आपल्या वाळूवरून शिकले म्हणावयाचे. पुढे दगडी पाटी आली. तीही ज्याची त्याची असे; कुणाची चौकट गुळगुळीत, कुणाची फुटकी. पण फुटक्या पाटीवर काढलेला 'अ' चांगल्या पाटीवरच्या 'अ'इतकाच 'अ' असे. जुनी पाटी नवे अक्षर घ्यायला नकार देत नसे. पाटीवर मधूनच मामाचा निरोप उमटत नसे. आणि मुख्य म्हणजे पाटी त्या मुलाची असे, आईबापांची नसे.

फोनचे तसे नाही. त्यात घर असते. शाळेने 'आपापले यंत्र आणा' म्हटले की मूल यंत्र आणते असे शाळेला वाटते. वस्तुतः ते आपले घर खिशात घालून आणते. घराची ऐपत, घरातले मानपान, कुणाला काय आधी मिळते तो क्रम, घरातल्या काळज्या, हे सारे त्याबरोबर वर्गात येऊन बसते.

हे २०२०मध्येच आपल्या सर्वांच्या ध्यानात यायला हवे होते. त्या साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. घराघरांतून फोनची खरेदी झाली, कुठे कुठे कर्ज काढूनही झाली. त्याच 'असर'च्या आकड्यांप्रमाणे शाळेत जाणारे मूल असलेल्या खेड्यांतल्या घरांपैकी २०१८मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, तो २०२०मध्ये ६१.८ टक्के घरांत दिसला. महामारी ओसरली, मुले शाळेत परतली, पण फोन घरात राहिले, आणि शाळांना वाटू लागले की आता फोन सगळ्यांकडे आहेतच. घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन फोनांच्या घरातली मुलगी बुधवारी ओवा मागत फिरते, ही त्याची खूण.

असो. केवळ शेजारणीच्या मुलीवरून शाळेवर राग धरणे बरोबर नव्हे, म्हणून आम्ही चौथ्या बुधवारी शाळेत गेलो. या वयात अंगावर स्वच्छ सदरा आणि हातात छत्री असली की बहुतेक शाळांचे फाटक उघडते. विज्ञानाच्या बाई तरुण आहेत, गुजराती आहेत, आणि (येथे आम्हांला आमचा पूर्वग्रह परत घ्यावा लागला) फार चांगल्या शिकवतात. त्यांनी आम्हांला मागच्या बाकावर बसू दिले. त्या तासाला जे पाहिले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण फोन वर्गात आणण्याच्या बाजूने कुणी काही म्हणणार असेल तर ते हेच.

ध्वनीचा पाठ चालू होता. आवर्तन म्हणजे काय ते कळावे म्हणून बाईंनी खिडक्यांच्या गजांना सुतळ्या बांधल्या होत्या, आणि प्रत्येक सुतळीच्या टोकाला एक लोखंडी नट. गजापासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी बरोबर एक मीटर. मुलांनी दोलक सोडायचा, दहा हेलकावे मोजायचे आणि फोनमधल्या घड्याळावर वेळ घ्यायची. कुणाला एकोणीस सेकंद आणि काही आले, कुणाला वीस, कुणाला एकवीस. बाई म्हणाल्या, आता त्याचाच व्हिडिओ काढा आणि थांबवत थांबवत पाहा. व्हिडिओत एका सेकंदाची साधारण तीस चित्रे असतात. दोलक टोकाला जाऊन क्षणभर थबकतो ते चित्र शोधून काढता येते. तसे पाहिल्यावर सगळ्यांची उत्तरे वीस सेकंदांपाशी येऊन मिळाली. म्हणजे चूक दोलकात नव्हती, घड्याळ दाबणाऱ्या बोटात होती, हे मुलांना कुणी न सांगता दिसले.

मग एक मुलगा म्हणाला की नट जड केला तर दोलक लवकर येईल. बाईंनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. दुसरा नट दिला. वीस सेकंदच आले. मुलगा खट्टू झाला, त्याने तिसरा नट मागितला. मग सुतळी आखूड केली, पंचवीस सेंटिमीटर. साऱ्या वर्गाने अंदाज बांधला की लांबी पाव झाली म्हणजे वेळही पाव होईल, पाच सेकंद. आले दहा! त्या 'दहा'ने वर्गात जो गलका झाला तो आम्ही आमच्या साऱ्या शाळकरी आयुष्यात पदार्थविज्ञानाच्या तासाला ऐकलेला नाही. आम्हांला हे सूत्र फळ्यावर लिहून दिले होते, आम्ही ते पाठ केले आणि परीक्षेनंतर इमानाने विसरलो.

शेवटची दहा मिनिटे फोनच्या मायक्रोफोनला आवाज ऐकवून त्याच्या लहरी पडद्यावर पाहण्यात गेली. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स नावाचे एक ॲप आहे, फुकट मिळते. फोनमध्ये आधीच बसविलेली जी मोजमापाची साधने असतात त्यांची ते प्रयोगशाळा करून देते. एका मुलीने 'सा' लावला तर लहरी नीट रांगेत उभ्या राहिल्या, आणि बाकीच्यांनी बाके आपटली तेव्हा नुसता गुंता दिसला. एवढी उपकरणे शाळेने विकत घ्यायची म्हटली तर किती वर्षे अर्ज करावे लागतील याचा वाचकांनीच अंदाज करावा.

तास संपल्यावर आम्ही बाईंना मुलीविषयी सांगितले. त्या आधी किंचित दुखावल्या. म्हणाल्या, "काका, मी शाळेकडे पंचवीस टॅब्लेट मागितले होते. मंजूर झाले नाहीत. वर्गात शेचाळीस मुलं आहेत, चाळीसजण फोन आणू शकतात असं हात वर करून कळलं. बाकीची सहा शेजाऱ्याचा बघतील असं मला वाटलं." मग काय मनात आले कोण जाणे, त्यांनी हजेरीपट काढला आणि बुधवारच्या रकान्यावरून बोट खाली नेले. ते बोट पाच ठिकाणी थांबले. सहापैकी पाच. पैकी चार मुली होत्या. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही छत्रीशी चाळा करीत उभे राहिलो.

वर्गात फोन असावा की नसावा यावर जगभर वाद माजला आहे. फ्रान्सने २०१८मध्ये कायदा करून लहान मुलांच्या शाळांतून तो बंद केला, नेदरलँड्सने २०२४च्या जानेवारीपासून माध्यमिक वर्गांतून काढला, ब्राझीलने २०२५मध्ये. युनेस्कोच्या २०२३च्या शिक्षणविषयक अहवालाप्रमाणे तेव्हा चारांतल्या एका देशाहूनही कमी देशांत अशी बंदी होती. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली. बंदीची कारणे खोटी नाहीत. २०२२च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत सधन देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांनी कबूल केले की गणिताच्या निदान काही तासांना तरी यंत्रामुळे आपले लक्ष उडते. आपल्याकडेही 'असर'च्या २०२४च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या ज्या मुलांना फोन वापरता येतो, त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तथापि बंदी करणाऱ्या वरील तिन्ही देशांनी, शिक्षकाने शिकविण्यासाठी फोन हाती घ्यायला लावला तर तो चालेल, अशी वाट ठेवलीच आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५च्या आरंभी एका प्रकरणात सरसकट बंदी इष्टही नाही आणि शक्यही नाही असे म्हणून शाळांना नियम कसे करावेत याचे दिग्दर्शन केले. फोन शाळेत आल्यावर जमा करून ठेवावेत, हे त्यातले एक.

पण या साऱ्या वादात आमच्या शेजारणीची मुलगी कुठेच नाही. बंदीवाले म्हणतात, फोन आहे म्हणून मूल बिघडते. आणणारे म्हणतात, फोन आहे म्हणून शिकते. फोन नाही म्हणून जे मूल बुधवारी घरी बसते त्याचे काय, हे विचारायला दोन्ही पक्षांना सवड नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्याने सक्ती केली त्याने सोय करावी. हे आम्ही काही आजच्या पुस्तकांतून शिकलेलो नाही, बडोद्यात राहून शिकलो आहोत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा ते मोफतही केले. सक्ती एका हुकुमाने आणि खर्च रयतेच्या माथी, असे केले नाही. १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले, तेव्हाही ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. आपापली पुस्तके घेऊन वाचायला या, असे परिपत्रक निघाले नाही.

आजचा कायदाही निदान आठवीपर्यंत याच बाजूचा आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात असे म्हटले आहे की शिक्षण पुरे करण्याच्या आड येईल असे कोणतेही शुल्क वा खर्च मुलावर पडता कामा नये. महामारीत, सप्टेंबर २०२०मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी शाळांना सांगितले होते की दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांना यंत्र आणि इंटरनेट शाळेने पुरवावे. पण २०२१च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. आणि नववी तर त्या कायद्याच्या पलीकडेच पडते.

यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक मुलाला यंत्र वाटून टाका. तेही झाले आहे. पेरू देशाने खेड्यांतल्या शाळांना लाखांनी लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांची पाहणी करून २०१२मध्ये जो अहवाल आला त्यात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत फरक दिसला नाही. यंत्र दिले आणि शिक्षकाला काही दिले नाही, तर असेच होणार. उलट आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड टाकले, आणि घरच्या साध्या फोनवर धडे, गाणी, गोष्टी पोचविल्या. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा परप्रांतातल्या आपल्या मराठी घरांतूनही पेढे वाटले गेले असतील. (तो चौकोनी ठसा मूळचा जपानचा, १९९४ सालचा, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी निघालेला.) आम्हां बाहेरच्या मराठी घरांना याचा एक वेगळाच लाभ आहे. शाळेत मराठी नाही, गावात मराठी पुस्तकांचे दुकान नाही, अशा ठिकाणीही बालभारतीची पुस्तके आणि विश्वकोशाचे खंड आज फोनवर उघडतात. आमच्या शेजारची मुलगी इंग्रजीत भूगोल शिकते आणि अडलेला शब्द मराठी विश्वकोशात बघते. तेव्हा फोन जाळून टाका असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

बाईंनी पुढच्या बुधवारपासून रीत बदलली. चार मुलांत एक फोन. बाकीचे फोन शाळा सुरू होताच पत्र्याच्या डब्यात. एका पडद्याभोवती तीनचार मुले बसली की ती एकमेकांना शिकवितात, डॉ. सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीला भिंतीला भोक पाडून वस्तीतल्या मुलांसाठी संगणक बसविला, तेव्हा हे दिसले होते. पण दोन आठवड्यांतच बाईंच्या ध्यानात आले की ज्याचा फोन तो गटाचा पाटील होतो. त्यावर त्यांनी नियम केला, मालकाने फोनला हात लावायचा नाही, इतर तिघांनी चालवायचा. हा नियम आम्हांला फार आवडला.

तरीही घर फोनमधून डोकावायचे थांबले नाही. एकदा प्रयोग चालू असताना 'येताना कोथिंबीर आण' असा आईचा निरोप वर सरकला आणि सारा गट हसला. दुसऱ्या एका गटात बँकेचा संदेश आला. हप्ता थकला होता. तो फोन त्या मुलाच्या वडिलांचा होता. कुणी हसले नाही, कुणी काही बोललेही नाही, पण पुढच्या बुधवारी त्या मुलाने फोन आणला नाही. हे मुलीनेच आम्हांला सांगितले. आणि सांगता सांगता विचारले, "आजोबा, तुमचा फोन नेऊ का? बुधवारपुरता?"

आम्ही 'हो' म्हणायला हवे होते. चांगले अर्धे मिनिट आम्ही चष्मा पुसत राहिलो. आमच्या फोनमध्ये पेन्शनचे संदेश आहेत, बँक आहे, आणि साताऱ्याच्या घराच्या वाटणीवरून चुलतभावांशी चाललेला जो पत्रव्यवहार आहे तो नववीतल्या मुलांच्या हाती पडावा अशा भाषेतला नाही. शेजारणीने फोन 'जरा तिकडे वळवला' म्हणून आम्ही मनातल्या मनात त्या पोरीला नावे ठेवली होती. त्या अर्ध्या मिनिटात ती परत घेतली.

म्हणून गणपतीत आमच्या मंडळात आम्ही एक घोषणा केली: कपाटात पडलेले जुने फोन आणून द्या. नऊ आले. एकाची बॅटरी फुगलेली होती, तो घरात ठेवणे धोक्याचे म्हणून रवाना केला. तीन चालूच झाले नाहीत. उरलेले पाच एका तरुण कार्यकर्त्याने साफ पुसून कोरे केले. शेवटी आम्ही आमचाही जुना एक शोधला. सहा फोन, कुणातही सिम नाही, कुणाच्या आईचा निरोप येणार नाही, बँक हप्ता मागणार नाही. दोलक मोजायला इंटरनेट लागत नाही. हे फोन शाळेतच एका पेटीत राहतात, मुलांनी त्यांवर नंबर टाकले आहेत. शेचाळीस मुलांना सहा म्हणजे सातआठ मुलांत एक. पुरेसे नाहीत, पण बुधवारच्या रकान्यात बाईंचे बोट आता पूर्वीसारखे थांबत नाही. खरे पाहता हे काम शाळेच्या विश्वस्तांचे होते. गणेशमंडळाने ते किती दिवस करावे, हे आम्ही त्यांना लेखी विचारले आहे. उत्तर यायचे आहे.

आणि एक गोष्ट पेटीने सुटलेली नाही. नोव्हेंबरपासून शाळा गृहपाठही फोनवर देऊ लागली आहे, आणि पेटी शाळेत राहते. शेजारच्या घरात दादाचा फोन रात्री साडेदहाला मोकळा होतो. तेव्हा मुलगी गृहपाठाला बसते. त्या खिडकीतला दिवा आम्हांला आमच्या अंथरुणावरून दिसतो; परवा तो सव्वाबाराला मालवला.